शेअर केलेला फणस

‘शेअर करणे’ या क्रियापदाने माणसं जोडली जातात, असं परवा रत्नागिरीत एका वक्त्याने फार गंभीरपणे सांगितलं. सभागृहामागे कुठेतरी फणस पिकला होता. त्या वासाने मी वक्त्याला तिथेच सोडून चाळीस वर्षं मागे, आमच्या मागल्या पडवीत गेलो.

सामाईक झाडाचा त्या वर्षीचा शेवटचा कापा फणस समोर होता. आमच्याकडे रीत अशी, की जो वाटे घालतो त्याने आपला वाटा शेवटी उचलायचा. त्यामुळे वाटे अगदी काटेकोर पडत. मुंबईहून आलेले काका म्हणाले, "वहिनी, वाटे कसले घालता? आमच्या हापिसात सगळे डबे शेअर करतात. एकच परात घ्या, मिळून खाऊ."

आई विळीला तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे अर्धा फणस आमचा, तो कुठून कुठपर्यंत?"

"शेअर केल्यावर आमचं-तुमचं राहत नाही."

"तेच म्हणत्ये मी, भावोजी. आधी वाटे घाला, मग खुशाल शेअर करा."

काका हसले, बाबाही हसले, आणि आई एकटी पडली. परात आली. चिकट बोटांनी आम्ही भराभर गरे खाल्ले.

आज वाटतं, काकांना खरंच भावासोबत एका परातीत खायचं असेल. आईचा संशय आता मला जरा कोता वाटतो. परातीभोवती आमच्या घरची तिघं होती आणि काकांकडची नऊ.