तुझ्या नियमानं

आमच्या रांजणगावच्या कंपनीची बस चालवणारे मामा जुने पैलवान. कान चुरगळलेले, बोलणं सावकाश. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर, कुस्ती-बॉक्सिंग सगळं चालतं अशा पिंजऱ्यातल्या लढती बघतात आणि कुस्तीवाला जिंकला की मांडीवर थाप मारतात.

एकदा आमचा वॉचमन, पूर्वी बॉक्सिंग खेळलेला, चिडून म्हणाला, "मामा, नियमच तुमच्या सोयीचे हायत. खाली पाडून दाबून धरलं की आमचे ठोसे संपले."

मामांनी मोबाइल खिशात टाकला. "व्हय, खरं हाय तुझं. चल, तुझ्या नियमानं खेळू. पाडलं की मी लगीच सोडणार."

हिरवळीवर त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा पाडलं आणि दरवेळी हात देऊन उठवलं. शेवटी त्याचा ठोसा नाकावर बसला, तसे मामाच मटकन खाली बसले.

आम्ही धावलो. रक्त पुसत मामा त्याला म्हणाले, "भारी हाय की रं! मला कवा शिकवतोस?"