फाट्याच्या आतला रस्ता

दिवाळी उलटली की मार्गासनीच्या अलीकडे डांबरी रस्त्याचा आवाज बदलतो. एरवी गाडी गेली की नुसती घरघर ऐकू येते. त्या दिवसांत ती मध्येच मऊ होते, रेशमी लुगड्याची घडी मोडावी तशी सळसळते, आणि मग पुन्हा पूर्ववत होते. ही सळसळ नाचणीच्या कणसांची असते. शेणाने सारवलेली खळी आता फारशी कुणी करत नाही. रस्त्यावर कणसे पसरून ठेवली की एसटी, टेम्पो, मोटारसायकली त्यांवरून जातात आणि मळणी आपोआप होते. जे धान्य नुसते वाळवायचे असते, ज्यावर चाक यायला नको असते, त्याच्या कडेने ओळीने दगड ठेवतात. दगड नसतील तर वरून जा, दगड असतील तर वळसा घ्या, ही खूण आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला शिकवत नाही. लग्न होऊन मी भोरहून इकडे आले, त्या पहिल्या हिवाळ्यात दुपारची ओटीवर बसून तो आवाज ऐकत असे. रस्ता झोपेत कूस बदलतो आहे असे मला वाटे.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात झाली. तिथे हळू बोलण्याची सवय लागली, की मुळातच मी हळू बोलणारी म्हणून तिथे टिकले, हे मला नीट सांगता येणार नाही. रोज सकाळी माझे यजमान मला मोटारसायकलवरून नसरापूरच्या फाट्यापर्यंत सोडत आणि संध्याकाळी घ्यायला येत. पुण्याकडे काही काम असले की आम्ही दोघे महामार्गानेही जात असू. महामार्गावर ते हेल्मेट घालत, कारण तिथे पोलीस उभे असतात. परतताना फाटा वळला की गाडी कडेला घेत, हेल्मेट काढून आरशाला अडकवत आणि म्हणत, "आता काय, आपलाच रस्ता." सगळेच तसे करत. फाट्याजवळच्या एका वडाखाली संध्याकाळी तीन-चार माणसे हेल्मेट काढताना दिसायची, देवळाच्या पायरीवर वहाणा काढाव्यात इतक्या सहजपणे. मलाही तो क्षण आवडायचा. केसांत वारा शिरायचा, ओल्या भाताचा वास यायचा, आणि सबंध खोरे म्हणजे आमच्या घराचे अंगण आहे असे भासायचे.

मी निवृत्त झाले त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. नसरापूरचा बाजार करून आम्ही परत येत होतो. सूर्य डोंगराआड गेला होता, पण दिवे लावावेत इतका अंधार नव्हता. कुणीतरी दिवसभर धान्य वाळवून ते भरून नेले होते आणि दगड तसेच ठेवले होते. धान्य असते तर लांबूनही दिसले असते. करड्या उजेडात, करड्या रस्त्यावर, करडे दगड मात्र दिसले नाहीत. पुढचे चाक एका दगडावर चढले.

पुढचे सगळे मला आवाजावाचून आठवते. पिशवीतले कांदे रस्ताभर पसरत गेले. आरशाला अडकवलेले हेल्मेट निसटून आमच्यापुढे गडगडत निघाले, जणू त्याला घरी जायची आमच्यापेक्षा अधिक घाई होती, आणि रस्त्याची कड ओलांडून ते भाताच्या खाचरात उतरले. मी आडवी पडून त्याच्याकडे बघत होते आणि मनात येत होते की अंधार पडण्यापूर्वी उठून ते आणायला हवे. माझे तळहात सोलपटले होते, एवढेच. यजमानांचे डोके कडेच्या मातीवर टेकले होते, मैलाच्या दगडापासून जेमतेम हातभर अलीकडे. त्यांचा उजवा गुडघा गाडीखाली होता.

दगड कुणाचे, हे आम्ही कुणाला विचारले नाही. आमच्या घरचेही कितीदा तसेच राहिले असतील.

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, मग प्लास्टर, मग काठी. प्लास्टर निघाल्यावर नसरापूरला व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे जायचे ठरले. वयाने आमच्या मुलीसारख्या. पण त्यांनी गुडघा हातात धरला की आवाजात एकदम अधिकार यायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितले, "काका, आत्ता वाकवला तर वाकेल. उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर तो आहे तिथेच घट्ट होईल. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही." एक दिवसाआड यायला हवे होते. यजमान भाताचे शेतकरी. लावणीला, तण काढायच्या बेणणीला चिखलात वाकायचे आणि बांधावर उकिडवे बसायचे, यातच त्यांचा जन्म गेला. गुडघा वाकला नाही तर खाचरात त्यांचे काही काम उरणार नव्हते.

पण जायचे कसे? एसटीची पायरी उंच, आणि ती येणार केव्हा हे तिच्या मनावर. माणशी भाडे घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये माणसे गुडघ्याला गुडघा भिडवून बसतात. शेजारची मोटार दोनदा मागितली. तिसऱ्यांदा मागायला माझी जीभ वळेना. राहिली माझ्या धाकट्या जावेची स्कूटर. ती रोज पहाटे तिच्यावरून दूध घालायला जाई.

"आक्का, गाडी न्या," ती म्हणाली. "मला नका नेऊ. माजी गुरं कोन बगंल?"

"मला चालवता येत नाही."

"मग शिका. पुस्तकं वाचून डोळं गेलं, हात तर हायेत न्हवं?"

खाटेवरून यजमान म्हणाले, "तू शिक न्हाईतर उड. म्या दुचाकीवर बसनार न्हाई." सगळे हसले, कारण त्यांनी ते हसण्यासारख्या सुरात म्हटले होते. पण त्याच वेळी रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, आणि त्यांचा हात खाटेची कड चाचपू लागला. ते मी पाहिले, आणि पाहिले नाही असे दाखवले.

पौषातल्या सकाळी गुंजवणी नदीवरून धुके उठते आणि खाचरांत येऊन बसते. भात निघालेल्या, कोरड्या पडलेल्या आमच्याच एका मोठ्या खाचरात मी स्कूटर शिकले. चहूबाजूंनी पांढरे, बांध दिसत नसे, जाऊ दिसत नसे, नुसता तिचा आवाज धुक्यातून येई.

"पडलात तरी मातीच हाय आक्का! हात ढिला सोडा! मान वर!"

कापलेल्या भाताच्या धसांवरून स्कूटर थरथरत जायची. बांध एकाएकी समोर उभा राहायचा आणि मी थांबायची. त्या पांढऱ्या शांततेत, या वयात, कुणी बघत नसताना आपण काहीतरी शिकतो आहोत याचा मला इतका आनंद होई की तो आवरण्यासाठी मी ओठ दाबून धरी. फक्त एक गोष्ट मला जमत नव्हती. हॉर्न वाजवणे म्हणजे कुणाच्या तरी तोंडावर ओरडणे, असे मला वाटे. मी बटणाला बोट टेकवायची आणि लगेच काढून घ्यायची.

"ह्यो काय हॉर्न हाय?" धुके विचारी. "आक्का, देवळातली घंटा वाजिवताय व्हय? बैल सुदिक वळून बगायचा न्हाई!"

शिकाऊ परवाना झाला, मग पक्के लायसन झाले. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी माझ्या वयाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले आणि कागदावर सही केली. तोवर माघ लागला होता. बाईंचा दोनदा निरोप आला होता. रात्री यजमान पाय लांब करून बसत आणि गुडघ्याकडे असे बघत, जसे कुणी घरात आलेल्या आणि निघायचे नाव न काढणाऱ्या पाहुण्याकडे बघावे. मी आग्रह केला नाही. मला आग्रह करता येत नाही.

एका सकाळी मी अंगणात स्कूटर पुसत होते. ते काठी टेकत ओटीच्या पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "हेल्मेट कुठंय?"

मी दोन्ही आणली, खाचरातून परत आणलेले त्यांचे आणि शिकताना घेतलेले माझे. त्यांनी आपले घातले, पट्टा हनुवटीखाली लावला, ओढून पाहिला, आणि तसेच उभे राहिले. गोठ्यातून जाऊ ओरडली, "दादा, आजून गाडी चालू बी न्हाई झाली!"

"चालू झाल्यावर घालाया येळ मिळत न्हाई," ते म्हणाले.

ते मागे बसले तेव्हा मागची दांडी त्यांनी अशी घट्ट धरली की स्कूटर माझ्या हाताखाली कापायला लागली. आम्ही निघालो. इतक्या हळू निघालो की डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी बराच वेळ आमच्या बाजूने चालत गुडघ्याची चौकशी करत राहिली. "बरं हाय का रं आता?" "बरं हाय मावशे." "ह्यी चालिवती व्हय?" "चालिवती." मग तिला घाई होती म्हणून ती पुढे निघून गेली.

नसरापूरच्या अलीकडे एक वळण आहे. आतल्या बाजूला उंच दरड आणि घाणेरीचे रान, त्यामुळे पलीकडचे काही दिसत नाही. तो रविवार असावा; गडांवर जाणारी पुण्याची मुले एकामागून एक मोटारसायकलींवरून येत होती. मी वळणाशी आले. अंगठा बटणावर होता. मी तो टेकवला आणि काढला. तेवढ्यात पलीकडून दोन गाड्या एकमेकींना मागे टाकत आल्या. त्यांतली एक पूर्ण आमच्या बाजूला होती. माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. माझ्या अंगठ्यावर अंगठा दाबला गेला, आणि आमची स्कूटर अशी किंचाळली की मला ती आपली वाटेना. समोरची गाडी हेलकावली, सरळ झाली, वाऱ्यासारखी निघून गेली. मी गाडी कडेला घेतली. घाणेरीच्या फुलांवर पिवळी पाखरे होती आणि ती उडालीसुद्धा नव्हती.

ते मागून म्हणाले, "त्येंला तू दिसली पायजे ना. न्हाई दिसलीस तर ऐकू तरी ये."

मी हो म्हणाले. ते "हो"सुद्धा त्यांना ऐकू आले असेल की नाही, कोण जाणे. त्यानंतर मात्र मी वळणांवर हॉर्न वाजवू लागले. आरंभी मनातल्या मनात क्षमा मागून, मग न मागता.

एक दिवसाआड आम्ही जात राहिलो. धुके संपले, पळसाला फुले आली, रस्त्यावर पाचोळ्याची भिंगरी फिरू लागली. बाईंच्या दवाखान्यात पडद्याआड यजमानांचे कण्हणे मला ऐकू येई आणि मी बाकावर बसून भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता पाहत राही. गुडघा वाकत होता. दर आठवड्याला थोडा, मग आणखी थोडा. मग एकाच जागी थांबला. बाईंनी पुष्कळ खटपट केली. शेवटी चैत्रात एका दुपारी त्यांनी हात पुसले आणि सांगितले, "काका, इथून पुढे नाही येणार. चालाल, चढ चढाल, खुर्चीत बसाल. उकिडवं बसणं सोडा. आणि मोटारसायकलची किक विसरा."

"म्हंजी खाचरात..."

"बांधावर उभं राहून सांगा. करायला दुसरी माणसं आहेत ना?"

"हायेत," ते म्हणाले. "सांगाया म्हनून जातो."

आम्ही निघालो. बाजार, कमान, शेवटची दुकाने मागे पडली. आरशात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हेल्मेटच्या काचेत मागे पळणारे आभाळ. तापलेल्या रस्त्यावर पुढे पाण्यासारखे काही चमकायचे आणि आम्ही जवळ गेलो की आटायचे. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली. माझ्याशी नव्हे, जणू रस्त्याशीच.

"हितं सांजंला मेंढरं उतरत्यात. म्होरची गेली म्हनून निघू नको, मागं कोकरू असतंच." थोडे पुढे गेल्यावर, "ह्या चढाला टेम्पो मागं येतो, त्येच्या बुडाला लागू नको." नंतर, "पयला पाऊस झाला का ह्या मोरीवर माती येती. बिरेक दाबायचा न्हाई, आदीच हळू व्हायचं." लग्नसराईत रात्रीचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय येतात. कामथडीकडे जायचे तर लोक महामार्गाच्या कडेने उलटे जातात. आपण पुलाखालून वळसाच घ्यायचा, उशीर झाला तरी. शाळा सुटायच्या वेळी अमुक झाडापासून पाय जमिनीला लागतील इतके हळू. कुठल्या वळणावर सकाळी ऊन थेट डोळ्यांत येते, कुठे कुत्री झोपतात, कुठे भर दुपारी गारवा असतो आणि डोळा लागतो.

इतकी वर्षे मी या माणसाच्या पाठीमागे बसून याच रस्त्याने गेले होते. पुढे बसलेल्या त्या पाठीत एवढा रस्ता होता, हे मला माहीत नव्हते. ते एकेक सांगत होते आणि मी मान हलवत होते. मागून मान हललेली त्यांना दिसत होती.

आमच्या घराची वाट आली. मी वळले नाही. ते बोलत होते, आणि मला ते थांबायला नको होते. घर, गोठा, हात कपाळावर धरून बघत राहिलेली जाऊ, सगळे हलके हलके मागे गेले. पुढे वेल्ह्याकडचे डोंगर निळे दिसत होते.

बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आले. बोलणे थांबले.

"पेट्रोल हाय न्हवं?" त्यांनी विचारले.

"आहे," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

"मंग म्होरच्या पुलावर डाव्या अंगानं चल. तितं उजवीकडला कठडा तुटलाय."