टेंभे सरांचं डावं पान

टेंभे सर गेल्याचं मला प्रॅक्टिकल चालू असताना कळलं. इंटरच्या एका मुलाच्या ब्युरेटमध्ये बुडबुडा अडकला होता, तो मी काढत होते. तेवढ्यात आमचे प्राचार्य लालवाणी स्वतः दाराशी आले. एरवी काही सांगायचं तर ते चपराशाला पाठवत. "कुसुमबेन, अपने डॉक्टरसाब नहीं रहे," म्हणाले, आणि चष्मा काढून तिथेच उभे राहिले. मी त्या मुलाचा बुडबुडा पुरता काढून दिला, त्याला रीडिंग घ्यायला सांगितलं आणि मग स्टुलावर बसले. आदल्या दिवशी छातीत जळजळतंय म्हणून सर लवकर घरी गेले होते. त्रेचाळीस हे काय जायचं वय आहे? सहा आठवडे झाले, तरी मला त्यांचा रागच येतो.

डॉ. श्रीधर टेंभे मूळचे बदलापूरचे. विलायतेत त्यांनी रसायनशास्त्राची पीएच.डी. केली आणि त्यानंतर दोन वर्षं तिथल्याच प्रयोगशाळेत संशोधन केलं. वडिलांनी पार्सलाने पाठवलेल्या करंजाच्या बियांमधून त्यांनी एक नवा पदार्थ वेगळा काढला. त्यावरचा निबंध तिकडच्या नियतकालिकात छापून आला, आणि आता विद्यापीठात रीडरची जागा मिळणार या भरवशावर ते बोटीत बसले. इकडे जागा काही निघेना. मग 'तात्पुरतं' म्हणून त्यांनी सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या आमच्या नव्या कॉलेजात शिकवायला सुरुवात केली. कॉलेज म्हणजे लष्कराने सोडलेल्या दोन बॅरेकी. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की ईथरची बाटली उघडायची सोय नसे. सर सकाळच्या गाडीने बदलापूरहून अंबरनाथला उतरत. मी अंबरनाथची, वडील तिथल्या काडेपेटीच्या कारखान्यात. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन डेमॉन्स्ट्रेटर झाले होते. स्टेशनापासून कॅम्पापर्यंत आम्ही एकाच टांग्याने जात असू. सबंध वाटभर ते रीडरच्या जागेबद्दल बोलत, मला शेवटपर्यंत "मिस गोरे" म्हणत आणि टांग्याच्या पुढच्या बाजूला बसत.

त्यांच्या घरी एक लाकडी पेटी होती. विलायतेहून आणलेली काचेची उपकरणं, गवतात गुंडाळून खिळे ठोकलेली. "खरी लॅब मिळाली की उघडायची," असं ते म्हणत. तीन वर्षं झाली, खरी लॅब मिळाली नाही. सरांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, शेवटी पेटीवर मेजपोस घालून लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. ही गोष्ट सरांनी एकदा हसत हसत प्राचार्यांना सांगितली. लालवाणी हसले नाहीत. "डॉक्टरसाब, हम लोग तो सिंध में पूरा कॉलेज छोड के आए," ते म्हणाले. "किताबें, माइक्रोस्कोप, सब. आपसे एक पेटी नहीं खुलती?" पुढच्या सोमवारी पेटी गार्डाच्या डब्यातून अंबरनाथला आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसून टांग्यातून कॅम्पात गेली. सगळ्या काचेत फक्त एक नरसाळं तडकलेलं निघालं.

मग आमचं संशोधन सुरू झालं. करंजाचं झाड बदलापूरला नदीकाठी हवं तितकं, वहिनी शेंगा जमवून आणून द्यायच्या. सरांनी मला एक वही दिली आणि तिचा नियम सांगितला. उजव्या पानावर जे दिसलं ते लिहायचं, डावं पान चुकांचं. काय सांडलं, काय जळलं, कुठे घाई केली, सगळं त्याच दिवशी, शाईने, खाली सही करून. "डावं पान कोरं राहिलं, की समजायचं आज आपण काम तरी केलं नाही, नाहीतर खोटं तरी लिहिलं," ते म्हणायचे. मला तेव्हा हा विलायती चोखंदळपणा वाटायचा.

दुसऱ्या वर्षी रीडरची जागा एकदाची निघाली. मुलाखतीचं बोलावणं आलं, वहिनींनी सुटाला इस्त्री करून ठेवली. सगळी भिस्त त्या करंजाच्या निबंधावर होती. आणि नेमक्या त्याच दिवसांत मी तो पदार्थ पुन्हा पुन्हा शुद्ध करत होते. शुद्ध पदार्थ एका ठरलेल्या अंशाला वितळतो, त्यावरून तो ओळखायचा. माझा आकडा प्रत्येक खेपेला थोडा वर सरकत गेला आणि शेवटी एका जुन्या, कधीच माहीत असलेल्या पदार्थाच्या आकड्यावर येऊन थांबला. म्हणजे सरांचा पदार्थ नवा नव्हताच. तोच जुना होता, थोडा मळलेला... मी तीनदा करून पाहिलं. मुलाखतीला आठ दिवस होते. सर आले आणि त्यांनी विचारलं, "काय मिस गोरे, किती आला?" मी थर्मामीटर माझ्या खणात सरकवला आणि म्हणाले, "सर, थर्मामीटर फुटला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असू दे. पेटीत दुसरा आहे," म्हणाले, आणि स्वतः बसून आकडा काढला.

त्याच दिवशी त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं, की आपला निष्कर्ष चुकला. मी भांडले. म्हटलं, "सर, पंधरा दिवस थांबा. मुलाखत होऊ द्या, मग पाठवा. कोण विचारतंय?" ते म्हणाले, "कुणी विचारलं तर मी काय सांगू?" आणि पाकीट चिकटवलं. मुलाखतीत त्यांनी आपणहूनच सगळं सांगून टाकलं. जागा दुसऱ्याला मिळाली. मी टांग्यात रडले, ते पुढे बसून घोड्याकडे पाहत होते. पुढे रीडरचं नाव त्यांनी काढलं नाही. त्याच बॅरेकीत राहिले, दोन निबंध लिहिले आणि विद्यापीठाकडे खेटे घालून मला आमच्याच कॉलेजात राहून एम.एस्सी.ला नाव घालता येईल अशी परवानगी मिळवली. ती गेल्या वर्षी आली.

परवा वहिनींनी मला बदलापूरला बोलावलं. पेटी परत घरी आणलेली होती, रिकामी, आणि तिच्यावर बरण्या नव्हत्या. "यातलं मला काही कळत नाही, तूच ने," म्हणून त्यांनी सरांच्या वह्या माझ्या ओटीत घातल्या. मी तिथेच जमिनीवर बसून थर्मामीटरच्या त्या दिवसाचं पान शोधून काढलं. उजव्या पानावर वितळण्याचा आकडा, माझ्याइतकाच. डाव्या पानावर, त्यांच्या बारीक अक्षरात: "थर्मामीटर मिस गोरे यांच्या खणात आहे, धड आहे. मी रोज टांग्यात जागेबद्दल बोलत राहिलो, म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली. चूक माझी. त्यांना काही विचारू नये." खाली सही.

चार वर्षं त्यांनी मला काही विचारलं नाही.

घरी येऊन मी माझी वही काढली. त्या तारखेचं डावं पान कोरंच होतं. त्यावर मी लिहिलं, थर्मामीटर फुटला नव्हता. आणि सही केली.