बिस्किटाच्या डब्यावरचं घर

बिलकीसखालाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका माणसाला चपलेने मारत होती. मस्कतच्या वादी अदाईत आमच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान आहे, तिथे रांगेत उभ्या असलेल्या पोरीला त्याने नको तिथे हात लावला होता. तो खालाच्या दीडपट. खालाचा डावा हात मनगटात वाकडा, म्हणून चप्पल उजव्या हातात, आणि वाकड्या हाताच्या कोपराने त्याची मान भिंतीला दाबून धरलेली. तोंडावर, कानावर, परत तोंडावर. नाकातून रक्त यायला लागलं तशी ती थांबली, चप्पल पायात घातली आणि दुकानदाराकडे दोन किलो कांदे मागितले.

मी तेव्हाच ठरवलं, हिच्याशी दोस्ती करायची.

मी इरीन, वसईची. नवरा क्लिफर्ड हॉटेलात कामाला, मी घरी डबे करते. माझं तोंड फटकळ आहे हे क्लिफर्डला लग्नाआधीपासून माहीत आहे, तरी बिचारा दर वर्षी नव्याने दचकतो. खाला राहायची आमच्या खालच्या मजल्यावर. मूळची श्रीवर्धनच्या बाजूची. नवरा शरीफ इथे सुतारकाम करायचा, त्यानेच तिला मस्कतला आणली आणि आणल्यापासून बडवली. मनगट त्याने हातोडीच्या दांड्याने मोडलं. डॉक्टरकडे नेलं नाही, हाड जसं बसलं तसं बसलं. पुढे तो एका बांधकामावर परांचीवरून पडून मेला. मय्यतीला खालाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, बायकांनी नावं ठेवली. तिने नावं ठेवणाऱ्या प्रत्येकीला घरी बोलावून जेवू घातलं आणि मनगट दाखवलं.

शरीफच्या मागे तिला कुरूमला, साहेबलोकांच्या वस्तीत, एका इंग्रज बाईकडे स्वयंपाकाचं काम मिळालं. मार्जरी मॅडम, ऐंशीच्या पुढची. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा तेल कंपनीत मोठा साहेब, त्याच्याकडेच राहायची. खाला सकाळी शेअर टॅक्सीने जायची, दुपार कलली की परत. आणि संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून मॅडमच्या गावच्या गोष्टी सांगायची. अहो, मी वसई सोडून कुठे गेले नाही, मस्कतला आले तेवढीच, पण त्या इंग्लंडच्या गावातली घरं मला अजून डोळ्यांपुढे दिसतात.

मॅडमकडे एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. त्यावर गवती छपराचं दगडी घर, दाराशी गुलाब, धुराडं, पुढे एक बदक. मॅडम म्हणायची, माझं घर डिट्टो असंच होतं. खाला म्हणाली, किती छान. त्यावर मॅडम हसली म्हणे, आणि मग दारामागचं सांगायला लागली. छप्पर हातभर जाड, त्यात उंदीर. दार इतकं ठेंगणं की बाप वाकून आत यायचा, आणि तो वाकला की पोरं टेबलाखाली. थंडी पडायच्या सुमाराला घरचं डुक्कर मारायचे. चार पुरुष त्याला बाकावर आडवं धरायचे आणि मॅडमला लहानपणी रक्ताखाली भांडं धरायला उभं करायचे, हलवत राहायचं, गोठू द्यायचं नाही. खालाने दर वाक्याला तौबा तौबा केलं आणि पुढे काय झालं ते विचारत राहिली. शेतातला पिकाचा शेवटचा तुकडा कापताना मधे अडकलेले ससे पळायला लागले की पोरं काठ्या घेऊन त्यांची डोकी फोडायची. शाळेत मास्तर छडीने बोटांची कातडी काढायचा. आणि घरी बाप. पट्टा, बूट, चुलीतलं लाकूड, जे हाताला येईल ते. मार सगळा आईला.

मी म्हटलं, म्हणजे आपल्यासारखंच की. खाला म्हणाली, फरक एवढाच, त्यांच्याकडे बदक होतं.

पण एक रीत त्यांच्याकडे होती ती आपल्याकडे मी ऐकली नव्हती. कुणी बायकोला फार मारतोय असं कळलं की गावातले लोक तवे, किटल्या, घमेली, घंटा घेऊन त्याच्या दारापुढे जमायचे आणि कानठळ्या बसेपर्यंत बडवायचे. बोलायचं काही नाही, नुसतं बडवायचं. सगळ्या गावाला कळलं पाहिजे आत कोण राहतो. ह्याला ते रफ म्युझिक म्हणायचे. मॅडमच्या दारापुढेही वाजलं होतं. बाप बाहेर आला, चेहरा पांढराफटक, परत आत गेला. खालाने मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते. मॅडमने तिला तो डबा देऊन टाकला होता, त्यावर तिने बोटांनी वाजवून दाखवलं.

आता आमच्या समोरच्या दाराचं सांगते. तिथे मुजम्मिल आणि आफरीन राहायचे, दोघं रत्नागिरीकडची. तो मवालेहच्या भाजी मार्केटात एका व्यापाऱ्याकडे ट्रक चालवायचा. पहाटे जायचा, दुपारी घरी यायचा आणि आला की सुरू. आफरीन विशीतली, काडीसारखी. भिंती पातळ, सगळं ऐकू यायचं. आधी त्याचा आवाज, मग भांडं पडल्याचा, मग तिचा. एकदा तिचा पुढचा दात आमच्या पायरीवर मिळाला मला. तो कागदात गुंडाळून मी मुजम्मिलच्या हातात दिला आणि म्हटलं, तुझ्या बायकोचं काहीतरी पडलंय. मेल्याने थँक्यू म्हटलं.

पोलिसांत जायला आफरीन तयार नव्हती. तिचा व्हिसा त्याच्या नावावर, तो रद्द करून परत पाठवील, आणि माहेरी बापाने बजावून ठेवलेलं की सासर सोडून आलीस तर दार उघडणार नाही. म्हणजे इथे मार, तिथे रस्ता. अशाने ही पोर एक दिवस मरणार, हे बिल्डिंगमधल्या प्रत्येक बाईला दिसत होतं.

एका जुम्म्याला, पुरुष नमाजहून परतून जेवायला बसलेले, तेव्हा समोरून किंकाळी आली. रश्शात मीठ जास्त झालं होतं म्हणे. मी हात धुवून उठते तो जिन्यातून खाला वर येताना दिसली. एका हातात तो बिस्किटाचा डबा, दुसऱ्यात पळी. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली की टोप घे. मी माझा बिर्याणीचा सर्वांत मोठा टोप घेतला. वरच्या मजल्यावरून गुलबानू आली परात घेऊन, आणखी बायका आल्या. आणि आम्ही त्या दारापुढे बडवायला लागलो. अहो, काय सांगू! माझे हात सुजले, पण इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. सगळ्या मजल्यांची दारं उघडली. खालून वॉचमन भिकाजी धावत आला आणि आम्हाला बघून परत जिना उतरला. शेवटी मुजम्मिलने दार उघडलं. घामाने भिजलेला, मूठ अजून वळलेली. कुणी एक शब्द बोललं नाही. आम्ही वाजवत राहिलो. त्याने मान खाली घातली आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी परत आवाज आला, परत वाजवलं. नंतर आणखी एकदा. आणि मग समोरचं घर शांत झालं. दुपारी तो यायचा, दार लागायचं, टीव्ही लागायचा, बस्स. आम्ही बायकांनी एकमेकींना मिठाई वाटली. मी तर क्लिफर्डला म्हटलं, बघ, तुझं मस्कत आम्ही सुधारलं. आफरीन फारशी दिसेना, पण आम्हाला वाटलं, लाजत असेल.

खालाने हे सगळं मॅडमला सांगितलं. चहा ओतता ओतता, मोडक्या इंग्रजीत, मोठ्या फुशारकीने. आता घर कसं गपगार आहे, मॅडम, टाचणी पडली तर ऐकू येईल.

मॅडमच्या हातातली बशी खाली पडली. आणि मग म्हातारीने जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांचं घरही असंच शांत झालं होतं. गाव खूष. आत बाप आईच्या तोंडात फडकं कोंबून मारायचा. पट्टा नाही, ओला टॉवेल पिळून, म्हणजे आवाज होत नाही. पोरांना सांगितलेलं, हूं का चूं केलं तर तिला जास्त मिळेल. एका सकाळी आई उठली नाही. डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहिलं. ज्यांनी तवे वाजवले होते तेच लोक फुलं घेऊन आले आणि म्हणाले, शेवटचे दिवस तरी बाईचे सुखात गेले. तेव्हा मॅडम कोपऱ्यात उभी होती, आणि आत कुणीच का आलं नाही एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

खालाने गॅस बंद केला की नाही देव जाणे. तशीच उठली, डबा तिच्या पिशवीतच होता, रस्त्यावर मिळाली ती टॅक्सी पकडून भर दुपारी वादी अदाईला आली. मी डब्यांची भांडी घासत होते. तिचा चेहरा बघून विचारलंच नाही काही, हातात होता तो तवा घेऊन मागे गेले.

समोर टीव्ही मोठ्याने चालू. खालाने बेल दाबून धरली. पुष्कळ वेळाने मुजम्मिलने दार वीतभर उघडलं. आफरीन झोपली आहे, म्हणाला, बरं नाही तिला. आणि दार लोटायला लागला. खालाने फटीत डबा घातला. त्याने जोर लावला, डबा चेपला, घर, गुलाब, सगळं आत गेलं. मग तिने हात घातला. डावा. त्याने खांद्याने दार दाबलं. मी ते हाड ऐकलं, शप्पथ सांगते, टीव्हीच्या आवाजातही ऐकलं. तिने हात काढला नाही. दात ओठांत रुतलेले, हनुवटीवरून रक्त, आणि मला म्हणते, "इरीन, बघत काय बसलीस? ढकल."

मी ढकललं. मी काही नाजूक बाई नाही, माझ्या वजनाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. दार उघडलं तसा तो माझ्या अंगावर आला. मी तवा फिरवला. जबड्यावर बसला. परत फिरवला. तो पडल्यावरही मी मारत होते, आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं, हे मी खोटं कशाला सांगू.

आफरीन स्वयंपाकघरात होती. लादीवर, ओट्याला टेकून. तोंडात तिचीच ओढणी कोंबलेली, नाकातून रक्ताचे बुडबुडे, पाठ गळ्यापासून कमरेपर्यंत काळीनिळी. एका बाजूला ओला टॉवेल. खालाने चांगल्या हाताने ओढणी ओढून काढली, ती निघता निघेना. पोरीने असा श्वास घेतला की मला वाटलं भिंतीच आत ओढल्या जातील.

पोलीस भिकाजीने बोलावले. बोलवायचे का, हे त्या दुपारी कुणी कुणाला विचारलं नाही. मुजम्मिलला हातकड्या घालून नेलं आणि पुढे त्याच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, हिशेब चुकता करून त्याला कामावरून काढलं. आफरीनच्या बापाला खालाने हॉस्पिटलमधून फोन केला, हाताला प्लॅस्टर लावून घेता घेता. ती काय बोलली ते मी लिहू शकत नाही, चर्चला जाते मी. पण बापाने दार उघडायचं कबूल केलं. हात का घातलास, असं मी तिला रागावून विचारलं तर म्हणाली, "डावा घातला ना? तो शरीफने आधीच मोडलेला. चांगला कशाला वाया घालवू?"

हॉस्पिटलातून सुटल्यावर, गावी जाण्याआधी, आफरीनला कुठे ठेवायचं? खाला तिला सरळ कुरूमला घेऊन गेली. मीही गेले सोबत. मॅडमच्या मुलाचं तोंड वाकडं झालं, पण म्हातारीने त्याला हातानेच बाजूला केलं. खुर्चीचे हात धरून ती उठली, स्वतःच्या पायांनी चालत आली. आफरीनचा एक डोळा अजून उघडत नव्हता. मॅडमने तिचा सुजलेला चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि काहीतरी विचारलं, परत परत तेच.

आफरीनला इंग्रजी येत नाही. ती खालाकडे बघायला लागली. खाला म्हणाली, मॅडम विचारतेय, कुणी आलं का? आत कुणी आलं का?

तेव्हा खालानेच प्लॅस्टरचा हात म्हातारीच्या पाठीवर ठेवला आणि तिला समजेल न समजेल अशा आपल्या मराठीत सांगितलं, "आलो मॅडम. उशीर झाला, पण आलो."