घड्याळाच्या खिडकीतलं डोकं

परवा शिलाई मशीनमध्ये तेल सोडलं आणि त्या वासानं मला थेट अकोल्यातल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली नेऊन उभं केलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. तिथल्या जुन्या दगडी इमारतीवरच्या मोठ्या घड्याळाची देखभाल यांच्याकडे होती. किल्ली द्यायची, चाकांना तेल घालायचं. घरी आले की यांच्या अंगाला हाच वास यायचा.

त्या दुपारी मी डबा घेऊन पोचले, तोच मनोऱ्याच्या आत काहीतरी धाडकन आदळलं. घड्याळ चालवणारं लोखंडी वजन दोर तुटून खाली आलं होतं. दारातून धुळीचा लोट निघाला, आतला जिना दिसेना.

"अहो, कुठी आहा तुमी?" मी ओरडले. डबा खाली ठेवून मी रडतच दाराकडे धावले.

तेवढ्यात समोरचा पानवाला ओरडला, "वहिनी, वर पाहा!"

तबकडीतली लहानशी खिडकी उघडली होती आणि आकड्यांच्या मधून यांचं धुळीनं पांढरं झालेलं डोकं बाहेर आलं होतं.

"अवं, कावून रडून राहिली? मले काई नाई झालं!"

मी तिथंच रस्त्यात बसले आणि रडता रडता हसायला लागले.

किती धीराचा आपला नवरा, असं तेव्हा वाटलं होतं. पण खाली आल्यावर यांनी भर बाजारात माझा हात धरला, आणि लोक बघत होते तरी बराच वेळ सोडला नाही. तेही माझ्याइतकेच घाबरले होते, हे मला आज कळतं.