बाहीवरची गोष्ट

चिंधीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. घरात तिला चिंधी म्हणत, कारण शोधायला गेलं की ती हमखास आत्याच्या कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात सापडायची. आत्या बायकांचे कपडे शिवायची. वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. दोघांचंही पोट कात्रीवर, त्यामुळे आपल्या घरात जिभाही तशाच चालतात, असं आत्याच म्हणायची.

आई त्या वर्षी दूरच्या दवाखान्यात होती. छातीचं दुखणं, लहान मुलांना भेटायला बंदी. थोडे दिवस, थोडे दिवस म्हणता म्हणता शाळेचं वर्ष संपत आलं. चिंधी आईबद्दल कधी विचारत नसे, म्हणून शेजारपाजारचे तिला समजूतदार म्हणत. समजूतदार कसली! उत्तर काय येईल, याचीच तिला धास्ती होती.

वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांनी चाळून चाळून मऊ केलेली साप्ताहिकं शेवटी आत्याकडे येत. ती त्यांची पानं खळीने एकमेकांना जोडायची, वर मापं आखायची आणि कागदी नमुने कापायची. पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या, असा प्रत्येक गिऱ्हाइकाचा जुडगा दोऱ्याने बांधून भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेला असे. चिंधी वाचायला शिकली ती या नमुन्यांवर. शाळेच्या पुस्तकातली वाक्यं पूर्णविरामापाशी थांबत, इथली गळ्याच्या गोलाईपाशी थांबायची. गोष्ट म्हणजे खाली रुंद आणि खांद्याकडे निमुळती होत जाणारी वस्तू, असंच तिला कितीतरी दिवस वाटत होतं.

अशातच तिला बेकरीवाल्या मावशींच्या नमुन्यावर ती गोष्ट सापडली. एका मुलीची आई होडीत बसून नदीपलीकडे जाते आणि मुलगी धक्क्यावर वाट बघत बसते. अक्षरन् अक्षर लावत चिंधी कंबरेपासून खांद्यापर्यंत आली आणि तिथे गोष्ट संपली. पुढचं पान होतं पोस्टातल्या बाईंच्या बाहीवर. बाहीवर होडी परत येताना दिसली, मुलगी उठून उभी राहिली, आणि तिथेच आत्याची कात्री गोल फिरलेली.

चिंधीचा जीव टांगणीला लागला. शेवट कुठे तरी असणारच म्हणून तिने एका दुपारी सगळे जुडगे सोडले, सगळे नमुने पालथे घातले. शेवट काही मिळाला नाही. आत्याची चाहूल लागली तसे तिने घाईघाईने जुडगे परत बांधले, पण तिच्या पद्धतीने. ज्या गोष्टीचं पान त्या गोष्टीपाशी. त्यामुळे बेकरीवाल्या मावशींच्या पुढच्या भागाला पोस्टातल्या बाईंच्या बाह्या जाऊन मिळाल्या.

पोस्टातल्या बाई काडीसारख्या आणि मावशींचा दंड म्हणजे चांगला उशीएवढा. आत्या सवयीने कापत गेली, शिवत गेली. मावशी झगा घालून बघायला आल्या, त्यांनी हात घातला, तो कोपरापाशी अडकला, ना आत जाईना ना बाहेर येईना. मावशी बेकरीतल्या गरमीला आणि स्वतःच्या अंगाला दोष देत राहिल्या. आत्याने काहीबाही बोलून वेळ मारून नेली, उसवून त्यांची सुटका केली, आणि त्या जाताच टेबलाखाली वाकली.

जुडगे का सोडलेस, असं तिने ज्या आवाजात विचारलं, त्या आवाजापुढे खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

"तिची आई परत आली का, ते बघत होते," चिंधी म्हणाली.

आत्याच्या हातातली बाही हातातच राहिली.

"आली," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"कापायच्या आधी मी वाचते."

मग तिने शेवट सांगितला. आई होडीतून उतरली, बारीक झाली होती, अंगातला करडा कोट खांद्यावरून ओघळत होता. मुलीने तिची बाही पकडली ती घरी पोचेपर्यंत सोडलीच नाही. ऐकताना चिंधी आत्याच्या पायांना मिठी मारून रडली आणि त्यानंतर तिला एकदम भूक लागली.

त्या दिवसापासून घरात नियम झाला. साप्ताहिक आलं की आधी चिंधीने वाचायचं, मग कात्री लागायची. गिऱ्हाइकं खोळंबली की आत्या वरून हाक मारायची, "चिंधे, कात्री थांबलीय गं." कात्री थांबलीय म्हणून चिंधी भराभर वाचायला शिकली. जाहिराती, कोडी, काहीच सुटेना.

आणि एके दिवशी आई आली. बारीक झालेली, कोट खांद्यावरून ओघळणारा. चिंधीला त्याचं जराही नवल वाटलं नाही. तिने सरळ जाऊन आईची बाही पकडली. नवल वाटलं ते आत्याचं. कधी डोळ्यांतून टिपूस न काढणारी आत्या इस्त्रीच्या टेबलामागे बसून हमसून हमसून रडत होती.

मोठेपणी चिंधी ग्रंथालयात नोकरीला लागली, यात घरातल्या कुणाला आश्चर्य वाटलं नाही. तिथे जुन्या साप्ताहिकांचे बांधलेले गठ्ठे झाडताना एकदा ती गोष्ट समोर आली. पहिल्या ओळीवरूनच तिने ओळखली. उभ्या उभ्या वाचत ती बाहीच्या गोलाईपर्यंत आली, आणि या वेळी ओळी पुढे चालू राहिल्या. होडी धक्क्याला लागली. तिच्यात फक्त नावाडी होता.

कामावरून सुटल्यावर ती तडक घरी आली. आत्या मशीनपाशी बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. आताशा तिला ते जमत नसे. चिंधीने सुई स्वतःकडे घेतली.

"आत्या, ती परत आली नव्हती."

कोण ती, असं आत्याने विचारलं नाही.

"माहितेय. कापायच्या आधी वाचायचे, सांगितलं होतं ना तुला."

"मग आली म्हणून का सांगितलंस?"

"तेव्हा डॉक्टर धड काही बोलत नव्हते," आत्या म्हणाली. "तू गोष्टीतलं विचारलंस, पण कुणाचं विचारतेयस ते कळत होतं मला. बोलून बसले. मग तुझी आई घरात पाय ठेवेपर्यंत मला एकच घोर. आपण पोरीला शब्द दिलाय आणि ही आलीच नाही तर?"

चिंधीला इस्त्रीचं टेबल आठवलं. तिला दोरा नीट दिसेना, तरी तिने तो ओवला.

"ताई, चहा निवतोय," आतून आईने हाक मारली. "आणि त्या चिंधीलाही आण."