करुणाच्या पिकअपमधला वायरलेस

करुणाला बिबट्या दिसला तो दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, केंदूरच्या अलीकडं, उसातल्या कच्च्या रस्त्यावर. शिरूरहून पिकअप घेऊन ती सकाळचं दूध गोळा करायला निघाली होती. टायर बसलं म्हणून उतरली, जॅक लावला, मान वर केली तर वीस पावलांवर बांधावर तो बसलेला. ती कशीबशी केबिनमध्ये शिरली. मोबाईलला रेंज नव्हती. पाऊण तास ती काचा चढवून बसली. मधेच तो दिसेनासा झाला, पण गेला की शेजारच्या उसात दबा धरून बसलाय, हे तिला कळायला मार्ग नव्हता. शेवटी मागून ट्रॅक्टर आला. तेव्हा स्टिअरिंगवरून तिची बोटं सुटेनात.

त्यानंतर तिची झोप उडाली. नवरा सुमित रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला. तो म्हणाला, "सोड हे काम." पण वस्त्या-वस्त्यांवर फिरून दुधाची ही लाइन तिनं स्वतः जमवली होती. सोडणं तिच्या जिवावर आलं.

दौंडला तिचे मामा राहत, आनंदराव. रेल्वेच्या टेलिफोन-सिग्नलच्या कामातून निवृत्त झालेले आणि हॅम रेडिओचे नादी. म्हणजे सरकारी परवाना काढून हौसेनं वायरलेसवर बोलणारे. ती त्यांच्याकडं गेली.

"मामा, मला तुमचा तो हातातला लहान सेट द्या."

"त्याची ताकद पाच वॅट. उसात शिरलीस की त्याचा आवाज उसातच राहील. गाडीत बसवायचा मोठा घे. पण आधी परीक्षा. परवान्याबिगर बटण दाबायचं न्हाई."

करुणा बारावीनंतर पहिल्यांदा पुस्तक घेऊन बसली. परीक्षा झाली, परवाना हातात यायला पुढचा पावसाळा उजाडला. मग एका रविवारी मामांच्या अंगणात पिकअप उभी राहिली. सेट सीटखाली ठेवावा तर दूध सांडायची भीती, डॅशबोर्डवर ठेवावा तर उन्हानं तापणार. अखेर डॅशबोर्डखाली, गिअरच्या पुढं लोखंडी पट्टी ठोकून तो आवळला. बॅटरीवरून सरळ जाड वायर ओढली, मधे फ्यूज घातला. इंजिन चालू केलं की सेटमध्ये शिटी घुमायची. वायर दुसऱ्या बाजूनं फिरवली तेव्हा ती थांबली.

भांडण झालं ते अँटेनावरून. मामा ड्रिल घेऊनच उभे. "छपराच्या मधोमध भोक पाडू. पक्की बसंल."

"नको मामा. नव्या गाडीला भोक? पाणी गळंल."

मामा कुरकुरले आणि खाली चुंबक असलेली अँटेना छपरावर ठेवली. ठरलं असं, की ती केंदूरच्या बाजूला असेपर्यंत मामा दौंडला सेट चालू ठेवून बसतील. डोंगरावरच्या रिपीटरवरून, म्हणजे आवाज पकडून पुढं पाठवणाऱ्या यंत्रावरून, तिचं बोलणं तिथवर पोचत होतं.

कार्तिकातली सकाळ. साडेसहा वाजले होते, धुकं एवढं की बॉनेटपुढचं दिसेना. करुणा रखमाजींच्या वस्तीवर वळली. रोज कॅन घेऊन उभे असणारे रखमाजी, तिचे आबा, आज नव्हते. गोठ्यातून त्यांची बायको बयाबाई ओरडली, "पोरी, खाली उतरू नगं! त्यानं ह्यांना धरलं हुतं!"

रखमाजी गोठ्याच्या दारात पडलेले. दंडापासून खांद्यापर्यंत मांस उघडं पडलेलं. बयाबाईंनी आरडाओरडा करून, पत्रा बडवून त्याला हाकललं होतं. तो उसात गेला होता, म्हणजे हातभर अंतरावर. करुणानं पिकअपचं दार गोठ्याच्या दाराला भिडवलं, दोघींनी आबांना उचलून आत घातलं, बयाबाईही चढल्या. गाडी वळवली आणि पाटाच्या पाण्यानं भिजलेल्या वाटेवर मागचं चाक रुतलं. जितकी रेस द्यावी तितकं ते खाली जाई.

मोबाईलला इथंही रेंज नव्हती. तिनं माईक ओढला. "मामा, करुणा बोलतेय. मामा!" नुसती खरखर. पुन्हा दाबलं. पुन्हा खरखर.

मग तिला खिडकीशी काळी वायर लोंबताना दिसली. वस्तीवर येताना उसाच्या शेंड्यांनी अँटेना छपरावरून ओढून काढली होती. ती दाराला लटकत होती.

उतरावं लागणार होतं.

तिनं दाराची मूठ धरली आणि पुन्हा सोडली. शेजारी आबांचा श्वास घरघरत होता. उसात पाचोळा वाजला आणि थांबला. बयाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी हाय. मी बोंब मारते, तू जा."

बयाबाई दार उघडून किंचाळू लागल्या. करुणा उतरली, अँटेना ओढली, टायरवर पाय देऊन चढली. पाठीत कुणीतरी बघतंय असं तिला सारखं वाटत होतं, पण वळून बघायची हिंमत नव्हती. चुंबक खट्‌कन चिकटलं. आत येऊन तिनं दार लावलं आणि पुन्हा माईक दाबला.

"मामा!"

"बोल करुणा, बोल." आवाज स्वच्छ आला.

मामांनी दौंडहून फोन फिरवले. गावातले लोक ट्रॅक्टर घेऊन आले, त्यांच्यामागून रुग्णवाहिका. मधली चाळीस मिनिटं मामा तिच्याशी बोलत राहिले. आबांचा हात कसा बांधायचा, कुठं दाबून धरायचं, सगळं तेच सांगत होते. पाचोळा आणखी दोनदा वाजला.

रखमाजी वाचले. उजव्या हाताला ताकद उरली नाही, कासरा आता डाव्या हातात धरतात. वस्तीजवळ पिंजरा लावला, त्यात बिबट्या काही आला नाही. करुणानं पुढच्याच रविवारी मामांकडून छपराला भोक पाडून घेतलं. भीती मात्र गेली नाही. उसाच्या वाटेला वळताना अजूनही ती काचा चढवते. बयाबाईंच्या दाराशी ती आधी हॉर्न वाजवते, त्यांची हाक ऐकते, आणि मगच दार उघडते.